परक्या देशाची राज्यघटना घडवू इच्छिणाऱ्या पुणेकरांस

निवृत्तीनंतर आपल्या हाती वेळ उरला असेल, सोसायटीच्या उपविधींवर चार सर्वसाधारण सभा गाजवून घसा तयार झाला असेल आणि इंग्रजी बरे असेल, तर एखाद्या नव्या लोकशाहीला समावेशक राज्यघटना घडवून देणारे सल्लागार होण्याचा विचार आपण अवश्य करावा. कोथरूडमध्ये आपले कोणी ऐकत नाही, ही या कामात अडचण ठरत नाही. तेथेही कोणी ऐकत नाही, परंतु न ऐकण्याचे मानधन मिळते, आणि ते डॉलरमध्ये मिळते.

अभ्यासासाठी नेपाळ घ्यावा. लिपी आपलीच असल्याने निदान पाट्या तरी वाचता येतात. २००८ साली निवडून आलेल्या तेथील ६०१ सदस्यांच्या संविधान सभेत १९७ स्त्रिया होत्या. भारताच्या सीमेलगतच्या तराई या सखल पट्ट्यातील मधेशी आणि थारू, तसेच जनजाती आणि दलित सदस्यही पूर्वी कधी नव्हते एवढ्या संख्येने आले होते. हा वाटा त्या लोकांनी राजाच्या सत्तेविरुद्धच्या २००६ च्या जनआंदोलनात आणि त्यापाठोपाठ तराईत पेटलेल्या मधेशी आंदोलनात रस्त्यावर उतरून मिळवला होता, असे अहवालात चुकूनही लिहू नये. संयुक्त राष्ट्रांपासून युरोपातील सरकारांपर्यंत अनेकांनी या कामाला पैसा दिला होता, आणि देणाऱ्याला आपल्या पैशाचे फळ रकान्यात दिसावे लागते. म्हणून १९७ हा आकडा ‘प्रकल्पाची फलश्रुती’ या शीर्षकाखाली घालावा.

सहभाग कसा नोंदवावा, हे मी जवळून पाहिले आहे. त्या संविधान सभेला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत होती, तेव्हा तिकडची काही मंडळी अभ्यासदौऱ्यावर पुण्यात आली होती आणि मी दुभाषा म्हणून कोपऱ्यात बसलो होतो. हजेरीपत्रकात नाव, लिंग, समाज, जिल्हा आणि सही असे पाच रकाने होते; जेवणानंतर ते पुन्हा फिरवण्यात आले, कारण भत्ता सत्रागणिक होता. तराईतल्या एका बाईंनी विचारले, की माझ्या मुलीने सीमेपलीकडे लग्न केले, तर तिच्या लेकरांना तिच्या नावावर नागरिकत्व मिळेल का? संचालकांनी प्रश्नाचे तोंडभरून कौतुक केले, तो पिवळ्या चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि ‘पार्किंग’ असे शीर्षक दिलेल्या, म्हणजे नंतर पाहू म्हणून बाजूला ठेवायच्या प्रश्नांच्या, फलकावर चिकटवला. या शहरात पार्किंगला इतक्या चटकन जागा मिळालेली मी तेवढी एकदाच पाहिली.

दौऱ्यात पाहुण्यांना येरवडा दाखवावा किंवा न दाखवावा, हा नाजूक प्रश्न आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी तेथे पुणे करार झाला, तेव्हा ना फलक होता ना भत्ता. गांधीजींच्या उपोषणाचे दडपण मात्र होते. दलितांना ब्रिटिश सरकारने देऊ केलेले स्वतंत्र मतदारसंघ सोडून द्यावे लागले आणि प्रांतिक विधिमंडळांत ७१ ऐवजी १४८ राखीव जागा मिळाल्या. सौदा न्याय्य झाला की नाही, यावर आजही वाद होतो. परंतु आंबेडकरांच्या सहीवाचून तो होणेच शक्य नव्हते. सहीचे असेही एक वजन असते हे पाहुण्यांच्या ध्यानात आले, तर आपल्या पाचव्या रकान्याचे काय होईल, याचा विचार करावा. त्यापेक्षा शनिवारवाडा बरा.

निर्णय जेथे होतात त्या खोलीसाठी निर्देशक, म्हणजे यश मोजण्याचा आकडा, ठरवू नये, कारण तेथे आपल्याला कोणी बोलावत नाही. चार मुदतवाढी संपल्यावर २०१२ च्या मे महिन्यात ती सभा राज्यघटना न देताच विसर्जित झाली, २०१३ मध्ये दुसरी निवडली गेली, २०१५ च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला आणि जूनमध्ये चार पक्षांच्या नेत्यांनी राज्यघटनेबाबत आपसांत सोळा कलमी समझोता करून टाकला. इतकी वर्षे लोकसंवादाची पत्रके छापल्यानंतर मसुद्यावर लोकांचे म्हणणे ऐकण्यासाठी जुलैमध्ये दोन दिवस काढण्यात आले. (आमच्या सोसायटीत रंगकामाच्या निविदेवर हरकतींना पंधरा दिवस देतात.) २० सप्टेंबरला राज्यघटना जाहीर झाली, तोवर तिच्या मसुद्याविरुद्ध तराईत झालेल्या आंदोलनात चाळीसहून अधिक माणसे मेली होती. प्रकल्पाच्या आराखड्यात त्यांच्यासाठी रकाना नसतो. फार तर ‘बाह्य जोखीम’ म्हणावे.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच राज्यघटनेत आहे. नेपाळी पुरुषाने परदेशी स्त्रीशी लग्न केले, तर मुले वंशाच्या नात्याने नागरिक होतात. नेपाळी स्त्रीने परदेशी पुरुषाशी केले, तर मुलांना अंगीकृत नागरिकत्वासाठी अर्ज करावा लागतो, आणि ते मिळाले तरी त्यांना पंतप्रधान होता येत नाही. आपण मात्र अहवालात ‘स्त्री सहभागींनी उपस्थित केलेले प्रश्न’ यापुढे १ हा आकडा भरावा. चिठ्ठी जोडण्याची आवश्यकता नाही. ती त्याच दिवशी पंख्याच्या वाऱ्याने खाली पडली होती, आणि सभागृहातल्या पोऱ्याने पोह्यांच्या बश्या उचलताना ती बशीतल्या लिंबाच्या फोडींबरोबर नेली.