पाण्याची उंची लिहिली, वल्हवणाऱ्याचं नाव राहिलं

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चार दिवस मनात घोळवून आज लिहायला बसले आहे. नौकानयनाच्या इतिहासातली माणसं आणि त्यांच्याबद्दल लिहिणारे यांच्यावर मी लेख लिहिला, तो तुम्हाला रुचला नाही. जॉन केलीची हकीकत मी चुकीची सांगितली, असं तुमचं म्हणणं. काठावर बसून लेखणी चालवणाऱ्यांना मी वल्हवणाऱ्यांच्या पंगतीला बसवलं, आणि पंचगंगेकाठची असून साहेबांच्या खेळावर पानं भरली, आपल्याच मातीतला नौकानयनपटू दत्तू भोकनळ याला मात्र दोन ओळींत उरकलं. शेवटी तुम्ही विचारलंत, "माझे मामा कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत कित्येक वर्षं वल्हं मारत होते. त्यांचं नाव तुमच्या कुठल्या पुस्तकात आहे?"

केलीबद्दल तुमचं बरोबर आहे. फिलाडेल्फियाचा हा गवंडी १९२० साली इंग्लंडात थेम्सवरच्या हेन्ली गावच्या मानाच्या एकेरी शर्यतीत (होडीत एकटाच वल्हवणारा) उतरायला निघाला आणि त्याचा प्रवेश नाकारला गेला. विटा रचून पोट भरतो एवढ्याच कारणावरून नाकारला, असं मी लिहिलं होतं. ते अर्धंच खरं. १९०५ साली त्याच्या व्हेस्पर क्लबचा चमू हेन्लीला येऊन गेला, त्यावरून वाद झाला आणि पुढं त्या क्लबला बंदी घातली गेली. केली त्याच क्लबचा. मूळ लेखात ही दुरुस्ती आजच केली.

पण दुसरं कारणही तिथल्या समितीच्या नोंदीत आहेच, आणि ते मी सोडणार नाही. हातानं काम करून मजुरी घेणारा कारागीर किंवा कामगार 'हौशी' खेळाडू नव्हे, असा तिथला नियम होता. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकला निघालेला ऑस्ट्रेलियाचा आठ जणांचा चमू वाटेत हेन्लीला खेळणार होता. ते सगळे पोलीस. त्यांनाही याच नियमानं बाहेर ठेवलं. दुसऱ्या वर्षी नियमातला तो भाग काढला गेला. ज्याच्या हाताला घट्टे, त्यानं शर्यतीत वल्हं धरायचं नाही, हा न्याय साठ वर्षांच्या आसपास चालला. केलीनं मात्र त्याच १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकमध्ये जॅक बेरसफर्डला एका सेकंदानं हरवलं. बेरसफर्ड म्हणजे त्या वर्षीचा हेन्लीचा विजेता. आणि अर्ध्या तासात केली पुन्हा पाण्यात उतरला, चुलतभावाबरोबर दुहेरीचं सुवर्णही घेऊन आला. पुढं १९४७ मध्ये त्याच्या मुलानं हेन्लीची तीच एकेरी शर्यत जिंकली.

आता लेखणीवाल्यांबद्दल. तुम्ही फर्निव्हलला 'पुस्तकी किडा' म्हटलंत, ते मला लागलं. फ्रेडरिक जेम्स फर्निव्हल हा ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचा सुरुवातीचा संपादक. जुन्या इंग्रजी पोथ्या छापून काढण्यासाठी त्यानं संस्था उभ्या केल्या. पण तो थेम्सवर स्वतः वल्हवायचा, अगदी म्हातारपणापर्यंत. कामगारांना बाहेर ठेवणाऱ्या संघटनेविरुद्ध त्यानं १८९० साली दुसरी राष्ट्रीय संघटना उभी केली, मजुरांना दार उघडं असलेली. १८९६ साली हॅमरस्मिथला मुलींसाठी क्लब काढला. कुठल्या मुली? चहाच्या दुकानात कपबशा उचलणाऱ्या. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या नौकानयनाला जागा मिळाली १९७६ साली, म्हणजे त्यानंतर ८० वर्षांनी. हा माणूस काठावर बसलेला नव्हता, काका.

आणि समजा बसलेला असता, तरी? तुम्ही खासबागेत कुस्त्या बघितल्या असतीलच. निवेदक मातीत उतरत नाही. पण कुणी कुणाला कोणत्या सालात कोणत्या डावावर चितपट केलं, पैलवान कोणत्या तालमीचा, वस्ताद कोण, हे तो फेटा सावरत सांगत राहतो म्हणून तर आपल्या म्हाताऱ्यांना चाळीस वर्षांपूर्वीची कुस्ती काल झाल्यासारखी आठवते. कोल्हापुरात कुस्ती टिकली ती राजाश्रयानं आणि तालमींनी, तशीच या सांगणाऱ्यांनीही.

रिचर्ड बर्नेलवर मी एवढं का लिहिलं तेही याच कारणानं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यानं बर्ट बुशनेलच्या जोडीनं दुहेरीचं सुवर्ण घेतलं, हेन्लीच्याच पाण्यावर. त्याच्या वडिलांनी १९०८ मध्ये आठ जणांच्या होडीत सुवर्ण मिळवलं होतं. बर्नेल पुढं 'द टाइम्स'मध्ये नौकानयनाचा वार्ताहर झाला आणि त्यानं हेन्लीचा इतिहास लिहिला. म्हणून ते सगळं आज आपल्याला वाचायला मिळतं. त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव सहावे आले होते. पुढं १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. खाशाबांवर मनापासून लिहायला आपल्याला किती वर्षं लागली, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सगळाच खेळ साहेबांचा, हेही खरं नाही. लंडनमध्ये १७१५ पासून थेम्सच्या नावाड्यांची एक शर्यत होते. उमेदवारी नुकतीच संपवलेले तरुण नावाडी तीत उतरतात. बक्षीस लाल डगला आणि बाहीवर चांदीचा बिल्ला. थॉमस डॉगेट नावाच्या नटानं ती सुरू केली. तीनशे वर्षं उलटली, अजून होते.

दत्तूच्या बाबतीत मात्र माझ्याजवळ सबब नाही. दोन ओळी हा अन्यायच होता. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव. वडील विहिरी खोदायचे, हाही त्यांच्याबरोबर खोदायचा. सैन्यात जाईपर्यंत त्यानं वल्हं हातात धरलेलं नव्हतं. पुण्यात लष्कराच्या केंद्रात शिकला आणि २०१६ ला रिओमध्ये एकेरीत तेरावा आला. नौकानयनात त्या वेळी भारताचा तो एकटाच होता, आणि घरी आई बेशुद्धावस्थेत होती. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम फेरीत तब्येतीनं दगा दिला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर तो चौघांच्या होडीत बसला आणि सुवर्ण घेऊन उतरला. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मी मुळा-मुठेवर थोडंफार वल्हवलं आहे. लोकांना वाटतं हा दंडांचा खेळ. बैठक सरकती असते, मुख्य जोर मांड्यांतून येतो. दीड हजार मीटरनंतर मांड्या पेटतात आणि अजून पाचशे मीटर उरलेले असतात. आजारातून एका रात्रीत उठून ते अंतर कापणं म्हणजे काय, हे मी त्या लेखात लिहायला हवं होतं. आणि हेही, की हेन्लीच्या त्या जुन्या नियमानं दत्तूला दारातूनच परत पाठवलं असतं. म्हणून केलीची गोष्ट मला परकी वाटत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तुमच्या मामांचं नाव कुठल्याच पुस्तकात मला सापडणार नाही, आणि ते वाचून मला खूप वाईट वाटलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ फुटांना धोका, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगतं. २०१९ च्या महापुरात पाणी किती इंच चढलं, किती उतरलं, तासातासाला लिहिलं गेलं. त्याच पाण्यातून माणसं कुणी काढली, वल्ह्यावर कोण होतं, याची वही कुणी घातली? जुन्या पुरांत गुऱ्हाळातली काहील, म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढई, पाण्यात सोडून तिच्यातून बायकापोरं पलीकडं नेली जायची. गोल काहील जागच्या जागी गरगरते, तिला सरळ नेणं ही मोठी विद्या आहे. ती विद्या असलेल्या एकाही माणसाचं नाव मला लिहिलेलं मिळालेलं नाही.

तेव्हा एक विनंती आहे. मामा बोलते असतील तर मला त्यांच्याकडं घेऊन चला, नसतील तर तुम्हीच सांगा. होडीत किती जण असायचे, मागं सुकाणूला कोण, वल्ही कोणत्या लाकडाची, कोण घडवायचं, ताल कसा धरायचे, आरोळी काय असायची, हरल्यावर गावात कसे परतायचे. मी रविवारी सकाळी नृसिंहवाडीला येते आहे, संगमाच्या घाटावर नऊपर्यंत थांबेन. वही आणते. मामांचा होडीतला एखादा फोटो असेल तर तेवढा बरोबर ठेवा.