बोटवाल्यांना सरकारने पैसे दिले, तर?

परवा आमच्याकडे मेलबर्नमधली चार मराठी कुटुंबं जेवायला होती आणि बोलता बोलता विषय आसरा मागायला बोटीने ऑस्ट्रेलियाकडे येणाऱ्या लोकांवर गेला. एकजण तेव्हाचे पंतप्रधान टोनी ॲबट यांच्याबद्दल म्हणाला, "ॲबटने काही का केलं असेना, बोटी थांबवल्या ना? पैसे दिले असतील तर दिले, स्वस्तात काम झालं." मी तेव्हा पोळ्या वाढत होते, आलेल्या माणसांशी कुठे वाद घालायचा म्हणून गप्प बसले, पण रात्री झोपच लागेना. म्हणून लिहितेय. जरा मोठं होणार आहे, सवडीने वाचा.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. 2015 चा मे महिना. पश्चिम जावाच्या किनाऱ्यावरून एक बोट निघाली, 65 जण, बहुतेक श्रीलंकेचे, काही बांगलादेशी, एक म्यानमारचा, बायका-मुलं सोबत. आणि जायचं कुठे होतं, तर न्यूझीलंडला! हे मी मुद्दाम सांगतेय कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की ते इथेच येत होते. ऑस्ट्रेलियन जहाजांनी त्यांना समुद्रात अडवलं, मग काही दिवसांनी दोन छोट्या बोटींमधे बसवून परत इंडोनेशियाच्या दिशेने सोडून दिलं. वाटेत एका बोटीचं इंधन संपलं, सगळे दुसरीत चढले, आणि ती दुसरी बोट रोटे बेटाजवळच्या लांडू बेटापाशी खडकावर आदळली. तारीख 31 मे. गावातली माणसं धावून आली म्हणून सगळे वाचले.

पोलिसांनी सहा खलाशांना पकडलं आणि त्यांच्याकडे सापडले अमेरिकन डॉलर, शंभर-शंभरच्या नोटा, सगळे मिळून 32 हजारांच्या आसपास. खलाशी म्हणाले, लोकांना परत न्यायचे म्हणून ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांनी दिले. पोलिसांनी नोटांचे फोटो दाखवले. ॲम्नेस्टी ह्या मानवी हक्क संघटनेने नंतर प्रवाशांशी आणि खलाशांशी बोलून अख्खा रिपोर्ट काढला.

इथे काय झालं? परराष्ट्रमंत्री ज्युली बिशप आणि इमिग्रेशन मंत्री पीटर डटन आधी म्हणाले, नाही, असं काही नाही. मग 12 जूनला रेडिओवर खुद्द पंतप्रधानांना विचारलं. एका शब्दात "नाही" म्हणता आलं असतं. ते म्हणाले, बोटी थांबवणार, "बाय हुक ऑर बाय क्रुक". पुन्हा विचारलं तरी तेच. त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला "ऑपरेशनल मॅटर, बोलणार नाही", म्हणजे कारवाईतली बाब, सांगणार नाही. इंडोनेशियाचे उपराष्ट्रपती युसुफ काल्ला म्हणाले की हे खरं असेल तर ही लाच झाली. विरोधातल्या लेबर पक्षवाल्यांनी सुरुवातीला आवाज केला, पण त्यांच्या काळातही तिकडे गुप्तचरांनी पैसे वाटल्याच्या बातम्या आल्या आणि तेही गार पडले.

आता कायद्याचं बघा, मला खरा राग इथे आहे. 2010 मधे इथल्या क्रिमिनल कोडमधे नवीन कलम आलं, की माणसं चोरून नेण्याच्या धंद्याला पैसे किंवा दुसरी कसली मदत कोणी पुरवली तर 10 वर्षांपर्यंत कैद. सूट कोणाला, तर फक्त जो स्वतःच्या प्रवासाचे पैसे देतो त्याला. म्हणजे इथे मेलबर्नच्या डँडेनाँग उपनगरात राहणाऱ्या एखाद्या तमिळ माणसाचा भाऊ तिकडे अडकलाय, जिवाला धोका आहे, आणि त्याला बाहेर काढायला ह्याने एजंटला दोन-तीन हजार डॉलर पाठवले (आपल्याकडे पंजाब-गुजरातेत डंकीवाले एजंट असतात ना, तसलेच), तर हा इथे गुन्हेगार. आणि सरकारी माणसाने त्याच धंद्यातल्या खलाशांच्या हातात 32 हजार ठेवले तर "ऑपरेशनल मॅटर". हे मला पटवून दाखवा कोणीतरी.

ह्यावर लोक म्हणतात, अगं पण ते परत नेण्यासाठी दिले ना, आणण्यासाठी थोडेच! पण परत कुठे? ती माणसं इंडोनेशियाची नव्हतीच. त्यांना त्यांच्या मर्जीविरुद्ध, कुठल्याही बंदरावर नोंद न होता, दुसऱ्या देशाच्या किनाऱ्यावर उतरवायचं आणि त्याचे पैसे खलाशांनी घ्यायचे. 2000 सालचा यूएनचा जो करार आहे ह्या विषयावर, त्यात व्याख्याच अशी आहे की आर्थिक फायद्यासाठी एखाद्याला तो जिथला नागरिक नाही अशा देशात बेकायदा घुसवणं. त्यात दिशेबद्दल काही लिहिलेलं नाही! उत्तरेकडून दक्षिणेला नेलं तर गुन्हा आणि दक्षिणेकडून उत्तरेला नेलं तर पुण्य, असं कुठेय? बोट तशीच, खलाशी तेच, प्रवासी तेच, फक्त गिऱ्हाईक बदललं आणि नवीन गिऱ्हाईक म्हणजे आपलं सरकार. ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया दोघांनीही करारावर सह्या केल्यात. ह्या धंद्याविरुद्ध बाली प्रोसेस नावाचा जो अनेक देशांचा मंच चालतो त्याचे अध्यक्षसुद्धा हेच दोन देश मिळून आहेत. आता इथल्या गुप्तचरांना परदेशात ड्युटीवर केलेल्या कामासाठी 2001 च्या कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे कोर्टात कदाचित कोणी अडकणारही नाही. पण मग तो गुन्हा नव्हता असं मी मानायचं का? मी नाही मानणार.

एक मुद्दा मात्र मी मनापासून ऐकते, जीव वाचले हा. डिसेंबर 2010 मधे ऑस्ट्रेलियाच्याच ख्रिसमस आयलंड बेटाच्या कड्यावर बोट फुटली, 50 च्या आसपास माणसं गेली, किनाऱ्यावरचे लोक लाइफ जॅकेट फेकत होते आणि हात पोचत नव्हता. मी तेव्हा इथे नवीन होते, टीव्हीवर ते बघून दोन दिवस अन्न गेलं नाही. त्या काही वर्षांत हजारावर माणसं ह्या समुद्रात बुडाली, त्यामुळे बोटी निघूच नयेत असं मलाही वाटतं. पण मग जीव वाचवायचा होता तर त्या 65 जणांना पुरेसं इंधन नसलेल्या बोटीत कसं काय बसवलं? लांडूचे गावकरी नसते तर? आणि पैशाचं म्हणाल तर, ज्या एजंटने जमिनीवर बसून प्रवाशांकडून पैसे घेतले तो तसाही मोकळाच राहतो, वर खलाशांना कळतं की अर्ध्या वाटेवर नेव्ही भेटली तर दुसऱ्यांदा कमाई. ह्याने धंदा बंद होईल की वाढेल?

"आपण रांगेतून आलो" हे पण झालं त्या दिवशी. हो, आलो, आयईएलटीएस दिली, पॉइंट मोजले, कर्ज काढलं, मला कमी लेखायचं नाहीये ते. पण इंडोनेशियाने निर्वासितांच्या करारावर सहीच केलेली नाही, तिथे त्यांना काम करायची परवानगी नाही. आणि नोव्हेंबर 2014 मधे इथल्या सरकारने जाहीर केलं की 1 जुलै 2014 नंतर इंडोनेशियात यूएनकडे नाव नोंदवणाऱ्यांना आम्ही घेणारच नाही. रांगेची खिडकी आपणच बंद केली आणि मग रांग मोडली म्हणून बोंब मारतोय.

इटलीवर पण 2017 मधे असाच आरोप झाला. लिबियातल्या साब्राथामधे जी टोळी लोकांना बोटीत बसवायची तिलाच ते थांबवायचे पैसे मिळाले म्हणे. इटलीने नाकारलं. पण त्या उन्हाळ्यात बोटी एकदम कमी झाल्या, पुढे टोळ्यांमधे लढाई पेटली, आणि 2018 मधे त्या टोळीच्या म्होरक्याचं नाव यूएनच्या निर्बंधांच्या यादीत आलं.

सिनेटने इथे चौकशी लावली होती, पण सरकारने माहिती दिलीच नाही. दहा वर्षं होऊन गेली. त्या सहा खलाशांना पकडलं, नोटा जप्त झाल्या, आणि ज्यांनी नोटा मोजून दिल्या त्यांना विचारायचीसुद्धा सोय नाही. मी इथे टॅक्स भरते, त्या 32 हजारांत माझाही वाटा आहे. काल रात्री आमच्या खासदाराला ईमेल केलाय आणि त्यात एवढंच विचारलंय, की ते पैसे कुठल्या खात्यातून निघाले आणि सही कोणाची होती.