टाचा खाली ठेवा

काल रात्री पावणेअकराला आमच्या नव्या कपाटाचं थ्रीडी डिझाइन ईमेलवर आलं. कपाट म्हणजे नुसतं कपाट नाही, त्याला आता सिस्टीम म्हणायचं, क्लॉझेट ऑर्गनायझर सिस्टीम. चित्र झकास होतं. डावीकडचा भाग बायकोचा, त्यावर लिहिलंय 'मॅडम'. उजवीकडे खाली एक बुटका रॉड, त्यावर इवले इवले शर्ट, वरच्या फळीवर एक टेडी बेअर पाय सोडून बसलाय आणि त्या भागावर लिहिलंय 'किड्स'.

आमच्या घरात किड्स नाहीयेत. एक मुलगा आहे, तो शिकायला बाहेर असतो आणि माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच आहे. उजवीकडचा भाग माझा आहे.

बायकोला दाखवलं तर ती आधी अगदी गंभीरपणे "अरे देवा" म्हणाली आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून हसली. नळ सोडला तरी ऐकू येतं, हे तिला बावीस वर्षांत कळलेलं नाही.

सुरुवात झाली ती जुन्या कपाटातला रॉड एका रात्री कपड्यांसकट खाली आला तिथून. मी म्हटलं एक रॉड आणू, दोन स्क्रू मारू. बायको म्हणाली आता आणायचंच आहे तर नीट काहीतरी करू. 'नीट काहीतरी' हे दोन शब्द ज्या घरात उच्चारले जातात तिथे पुढचे तीन महिने सुट्टीच्या दिवशी कुणी झोपत नाही.

मग अभ्यास सुरू झाला. मला वाटायचं कपाट एकाच प्रकारचं असतं, दार उघडलं की अंगावर येणारं. तसं नाही. एक तारेच्या जाळीच्या फळ्यांचं असतं, हवा खेळती राहते, स्वस्त पडतं, पण स्वेटर ठेवला की त्यावर ग्रिलसारख्या रेघा उठतात आणि मोजे जाळीतून खालच्या मजल्यावर जातात. दुसरं लॅमिनेट लावलेल्या बोर्डाचं, दिसायला श्रीमंत, आतून भुसा आणि गोंद. तिसरं भिंतीवर आडवी पट्टी ठोकून तिला सगळं लटकवायचं, फळ्या पाहिजे तेव्हा वरखाली करता येतात. (कुणी करत नाही. पहिल्या दिवशी जिथे लावली तिथेच ती फळी म्हातारी होते.) बोर्डाच्या कपाटात आत दोन्ही बाजूंना ती भोकांची रांग असते ना, ती बहुतेक दर ३२ मिलिमीटरवर असते, मग कपाट कुठल्याही कंपनीचं असो. हे वाचून मला उगाचच भरून आलं. जगात एका बाबतीत तरी एकमत आहे.

वाईट भाग मापांचा. रुंदी एकदा मोजून भागत नाही, वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजायची आणि त्यातली सगळ्यात कमी धरायची, कारण भिंती सरळ नसतात. आमची भिंत वर २३८, मध्ये २३७ आणि खाली २३६ सेंटिमीटर भरली, म्हणजे इतकी वर्षं आम्ही समलंब चौकोनात राहतोय. कपाटाची आतली खोली ६० सेंमी तरी हवी, कारण हँगरच ४५ च्या आसपास असतो आणि शर्टाच्या बाह्या काही हँगर संपला म्हणून थांबत नाहीत. एवढं सगळं कागदावर उतरवून, मागच्या बाजूला आकृती वगैरे काढून मी शोरूममध्ये गेलो. आत्मविश्वास होता हो.

शोरूममधली कपाटं तुम्ही बघितली असतील. आठ फूट कपाटात चार शर्ट, तेही एका रंगाचे, एक हॅट, एक फुलदाणी. फुलदाणी कपाटात कोण ठेवतं? आमच्या कपाटात काय आहे ते सांगतो. कुठल्याच फोनला न लागणारे सात चार्जर, बायकोच्या गुडघ्याचा एक्स-रे, मुलाची सातवीची चित्रकलेची वही, बंद पडलेल्या इस्त्रीचं चालू असलेलं वॉरंटी कार्ड, आणि बारीक झाल्यावर घालायच्या चार पँटी. यातल्या कशालाही कुठल्याच सिस्टीममध्ये कप्पा नाही. टायला आहे, बेल्टला आहे, घड्याळाला मखमली आहे. 'टाकवत नाही' या सगळ्यात मोठ्या वर्गाला साधं एक खोकंसुद्धा नाही.

तिथे जी मुलगी होती तिच्या बिल्ल्यावर 'स्टोरेज कन्सल्टंट' लिहिलं होतं. हातात टॅबलेट. अतिशय गोड बोलत होती, आणि गोड बोलणाऱ्या माणसासमोर मी नेहमीच हरतो.

"सर, लाँग की शॉर्ट?"

"शॉर्ट," मी म्हणालो. सवयीने.

"कपड्यांचं विचारतेय सर."

लाँग म्हणजे गुडघ्याखाली येणारं, कोट, गाऊन वगैरे, त्याला दीड मीटरच्या वर उंची सोडावी लागते. शॉर्ट म्हणजे शर्ट आणि दुमडलेल्या पँटी, त्यांना एक मीटर पुरतो. म्हणून मग एकावर एक दोन रॉड लावायचे, जागा दुप्पट, याला डबल हँग म्हणतात. खालचा रॉड १०५ सेंमीवर, वरचा २१० वर. तिने डिस्प्लेच्या कपाटाकडे बोट केलं, माझ्या हातात एक हँगर दिला आणि म्हणाली, "वरच्या रॉडला लावून बघा ना सर."

लावला. म्हणजे लागत आला होता. हुक रॉडच्या अगदी जवळ पोचला, मी जरासा वर झालो, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"टाचा खाली ठेवा."

वळून बघितलं तर सत्तरीच्या आसपासचे एक काका. इस्त्रीचा शर्ट, कमरेच्या पट्ट्याला स्टीलचा मोजायचा टेप, कानावर पेन्सिल. मला वाटलं दुकानातले कुणी मोठे सुतार असतील. नव्हते. गिऱ्हाईकच होते.

"टाचा उचलून लागतोय म्हणजे लागत नाही," काका म्हणाले. "रोज सकाळी टाचा उचलणार का? साठीनंतर? गुडघे आहेत का?"

"आहेत."

"आत्ता आहेत."

एवढं बोलून त्यांनी टेप काढला, त्याचं टोक जमिनीवर टाकून त्यावर स्वतःचा बूट ठेवला, माझा हात मनगटाला धरून सरळ वर केला (मला, भर दुकानात, पोलिसाने पकडल्यासारखा) आणि बोटांपर्यंत माप घेतलं. "एकशे शहाण्णव," असं जाहीर केलं. हळू आवाजात नाही हं, लिलावात करतात तसं. आणि त्या मुलीने ते लिहून घेतलं! टॅबलेटवर त्याला रकाना होता म्हणजे विचार करा.

"ताई, तुम्ही या आता."

ताई म्हणजे माझी बायको, जी इतका वेळ बुटांच्या रॅककडे बघत असल्याचं नाटक करत होती. ती आली, हात वर केला, सहज. "दोनशे आठ." आता आमच्या घरात बायको माझ्यापेक्षा उंच आहे ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे पण कुणी बोलत नाही, लग्नाच्या फोटोत मी एक पायरी वर उभा आहे आणि ती पायरी फोटोग्राफरने सभ्यपणे कापलेली आहे. बावीस वर्षं जपलेली ही सभ्यता या माणसाने दीड मिनिटात बारा सेंटिमीटर असा आकडा लावून फॉर्मवर चढवली.

"वरचा रॉड ताईंना, खालचा यांना," काका म्हणाले. प्रश्न मिटला. माझं कपाट, माझे शर्ट, आणि वाटणी करणार हे.

मी विषय बदलावा म्हणून विचारलं, तुम्हीसुद्धा कपाट बघायला आलात का. चूक झाली. काका माझ्या बाजूला सरकले. "भिंत कसली आहे तुमची?"

"भिंत... भिंतीसारखीच आहे."

"ठोकून बघितली? भरीव की पोकळ?" त्यांनी शोरूमची पार्टिशन दोन बोटांनी वाजवली, डॉक्टर छाती वाजवतात तशी, आणि तोंड वाकडं केलं. "पोकळ. हिच्यात साधा स्क्रू मारलात तर एक दिवस रात्री दोन वाजता सगळं खाली येईल. आतल्या आधाराच्या पट्ट्या शोधून त्यात मारायचा नाहीतर पोकळ भिंतीचे वेगळे अँकर येतात ते घ्यायचे." मी म्हटलं आमचं रात्री दोन वाजताच आलं खाली. काकांनी माझ्याकडे पहिल्यांदाच आपुलकीने बघितलं.

मग फळी. "एकसलग लांब फळी मागितलीत का? नाही ना? मागू नका. लोकांना वाटतं लांबी दुप्पट तर वाक दुप्पट. सोळा पट!" काकांनी हवेत आडवा हात धरून तो हळूहळू वाकवून दाखवला, चेहऱ्यावर फळीचं दुःख आणून. "तेच कपडे त्याच दाटीने ठेवा, लांबी दुप्पट करा, मधोमध वाक सोळा पट. आणि जाडी दुप्पट केली तर वाक आठवा हिस्सा. हे यांना विचारा, सांगतात का बघा." ती मुलगी गोड हसली. मी घरी येऊन तपासलं, गणित बरोबर आहे, आणि त्याचा मला जास्त राग आला. असला माणूस निदान चुकीचा तरी असायला हवा.

इतक्यात डिस्प्लेच्या पलंगावर पर्स मांडीत घेऊन बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "अहो, घेऊ द्या की त्यांना काहीतरी."

"मी कुठे अडवतोय?"

काकू मला म्हणाल्या, "आम्ही अकरा वर्षांपूर्वी घेतलं कपाट. हे अजून येतात."

"काय घ्यायला?"

"घ्यायला काही नाही. लोक चुकीचं घेतात का ते बघायला."

काकांनी हे नाकारलं नाही. ते बाजूच्या ड्रॉवरपाशी गेले, तो सॉफ्ट क्लोज ड्रॉवर ओढला, ढकलला, आणि आपोआप हळूच बंद होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मीही बघत होतो, खोटं कशाला बोलू.

जाताना त्यांनी मला शेवटचा सल्ला दिला. कपडे मोजा, एका शर्टाला अडीच सेंमी दांडी धरा, जाड कोटाला त्याच्या दुप्पट, वर थोडी मोकळी ठेवा, आणि विणलेलं लोकरीचं काही हँगरला लावू नका, खांदे ओघळतात. "तुमचे तसेही," म्हणाले आणि गेले.

गंमत इथपर्यंत ठीक होती. मग त्या मुलीने मला पुल-डाउन रॉड दाखवला. दांडा ओढला की वरचा रॉड कपड्यांसकट खाली येतो, सोडला की वर जातो, खरोखर सुरेख वस्तू आहे. मी म्हटलं मग हाच लावा, भांडण नको. तर तो पॅकेजमध्ये नाही, ॲक्सेसरी आहे, वेगळे पैसे. ड्रॉवरसुद्धा वेगळे. मागची पाठ वेगळी. मग पॅकेजमध्ये आहे काय तर चार उभे बोर्ड आणि मधली हवा. ते एकवेळ राहू दे, सगळेच असं विकतात. पण वरच्या रॉडची उंची कुणाच्या हाताने ठरली ते मला कुणी सांगेल का? हात पोचत नाही तो माणूस म्हणजे 'स्पेशल रिक्वायरमेंट', असं तिने शब्दशः टाइप केलं. स्वयंपाकघरातली वरची कपाटं, बसमधल्या दांड्या, गाडीतली सामान ठेवायची फळी, आयुष्यभर मी कुणा अनोळखी उंच माणसाच्या जगात पाहुणा म्हणून वावरतोय आणि आता बेडरूममध्येसुद्धा त्याचंच माप, आणि माझं हवं असेल तर एक्स्ट्रा चार्ज. मी हे सगळं तिला बोललो नाही. मी म्हणालो, "बघतो, विचार करून सांगतो." माझा संताप नेहमी याच वाक्यात बाहेर पडतो.

बायको गाडीत म्हणाली, "अरे खालचा रॉड बराच आहे की, सगळं डोळ्यासमोर राहतं." म्हणजे ती समजूत घालत होती. तिने समजूत घातली की मला जास्त लागतं हे तिला माहीत आहे, तरी घालते. पुढे दोन सिग्नल आम्ही गप्प होतो आणि मग ती म्हणाली, "एकशे शहाण्णव म्हणजे तसं पुष्कळ आहे रे." हात वर करून, पण ते ती बोलली नाही.

तर रात्री तो ईमेल आला. बहुतेक काय झालं असेल तर शोरूममधल्या त्या मुलीने माझ्या हाताचं माप टाकलं असेल आणि त्या सॉफ्टवेअरनेच ठरवलं असेल की हा माणूस बारा वर्षांचा आहे. माणसाने केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी उत्तराचे चार मसुदे लिहिले. पहिला फार कडक झाला, दुसऱ्यात मी माझं वय, शिक्षण आणि हुद्दा लिहून बसलो होतो, तिसरा बायकोने वाचला आणि पुन्हा बाथरूममध्ये गेली. शेवटी पाठवला तो दोन ओळींचा, की उजवा भाग लहान मुलांचा नसून माझा आहे, कृपया दुरुस्ती करावी.

आज दुपारी उत्तर आलं. "सॉरी सर, करेक्शन केलं आहे, प्लीज चेक." उघडून बघितलं. शर्ट मोठे केलेत. रॉड तिथेच आहे. 'किड्स' काढून तिथे आता 'इतर' असं लिहिलंय.

टेडी अजून तिथेच बसलाय.