पदं कापायची आणि सत्कार ठेवायचे?

आत्ताच 'संगीत संशयकल्लोळ' बघून आलेय. खूप उशीर झालाय, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

आपल्याच भागातल्या हौशी मंडळींचा प्रयोग. वेळ साडेआठची, पडदा वर गेला सव्वानऊनंतर. तोवर दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाली, श्रीफळं आणि प्रत्येक पाहुण्याचे 'दोनच शब्द'. मग थिएटर वेळेत रिकामं करून द्यायचं म्हणून कात्री कशाला लागली? पदांना, म्हणजे नाटकातल्या गाण्यांनाच!

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा नाटकातला नायक अश्विनशेठ झाला होता. दिवसभर नोकरी करतो आणि रात्री जेवणं झाली की त्याचं 'मृगनयना रसिक मोहिनी' हे पद घोटत बसतो. दरबारी रागातली त्यातली एक तान त्याला काही केल्या जमेना, समेवर येता येता घसरायची. खाली ओटा आवरताना मीही श्वास रोखून धरायचे. परवा ती अचूक समेवर आली आणि मी स्वयंपाकघरातूनच 'वा!' म्हणाले.

आज ऑर्गनवाल्या काकांनी सूर दिलेला, तबलजी सरसावून बसलेला, आणि विंगेतून कुणीतरी हात हलवला, पुढे चला. पोराने एकदा ऑर्गनकडे बघितलं आणि मुकाट पुढचं वाक्य घेतलं. मला रडू आलं हो.

कुणी म्हणेल, पदं गेली तर काय बिघडलं, मूळ नाटक गद्यच होतं. १८९३ चं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा', हे मलाही माहीत आहे. असेल. पण नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी पुढे त्यात पदं घातली, १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आणलं, आणि आपण आजही तिकीट काढतो ते त्याच नाटकाचं. बायकोवर संशय घेणाऱ्या फाल्गुनरावाचा संशय हसवतो, पण अश्विनशेठ रेवतीवर किती भाळलाय ते गाण्यातच कळतं. ते काढलंत तर तसबिरीच्या भानगडीत सापडलेला एक शेठ तेवढा उरतो.

आणि नाटक बसवलंय किती छान! फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका यांचं भांडण लागलं की अख्खं थिएटर हसत होतं. माझ्या पुढच्या रांगेतली एक चिमुरडी आजीच्या कानात पात्रांची नावं कशावरून आली ते ओळखत होती. फाल्गुन, आश्विन, भाद्रपद हे महिने. कृत्तिका, रेवती ही नक्षत्रं. आजीपेक्षा तिलाच आधी कळलं! या पोरीने पहिल्यांदा संगीत नाटक पाहिलं असेल, आणि त्यातलं संगीतच तिला अर्धंमुर्धं मिळालं. पुन्हा डोकं तापलं बघा.

प्रायोजकांशिवाय भाडं निघत नाही, ठीक आहे. मग द्या ना शाल मध्यंतरात, पाच मिनिटांत. भाषणं कशाला? त्या मुलाने रात्र रात्र जागून जी तान बसवली, तिच्यासाठी सहा-सात मिनिटं नव्हती, आणि माईकवर एकेक जण दहा-दहा मिनिटं उभा!

पुढच्या महिन्यात अजून एक प्रयोग आहे म्हणे. मंडळातले निम्मेअधिक जण हे वाचताय, मला माहीत आहे. त्या दिवशी 'मृगनयना' पूर्ण झालं पाहिजे. वन्स मोअर द्यायला आम्ही आहोत.