दारूबंदीचा भार कोणावर? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय ताई,

गुजरातच्या दारूबंदीचा भार गरिबांवर अधिक पडतो, असे मांडणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: बडोद्यात गरबा संपल्यावर मुली मध्यरात्री निर्धास्तपणे घरी येतात त्या या कायद्यामुळे, त्यातील विषमता दाखवणे म्हणजे दारूच्या दुकानांना वाट करून देणे, आणि गरीब माणूस दारूने मरतो तो जास्त पितो म्हणून, त्यात कायद्याचा दोष नाही.

पहिला मुद्दा मला बऱ्याच अंशी मान्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातील सुमारे १९ टक्के पुरुषांनी आपण दारू पितो असे सांगितले, तर गुजरातेत सुमारे ६ टक्क्यांनी. जिथे पिणे हाच गुन्हा आहे तिथे सगळेच खरे सांगणार नाहीत, हे धरूनही हा फरक मोठा आहे. कायदा उठवावा असे मी लिहिलेले नाही आणि माझे तसे मतही नाही.

तिसऱ्या मुद्द्याशी मात्र मी मुळीच सहमत होऊ शकत नाही. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा असे आढळले आहे की, सारखीच दारू पिणाऱ्या दोन माणसांपैकी गरिबाचे नुकसान अधिक होते. स्कॉटलंडमधील एका अभ्यासात तर पिण्याचे प्रमाण, धूम्रपान आणि वजन यांचा प्रभाव वजा केल्यावरही ही तफावत उरली. निकृष्ट आहार, आधीपासूनचे आजार, उशिरा मिळणारे उपचार, अंगमेहनतीचे काम सुटले की थांबणारी मजुरी, ही ओझी आधीच ज्याच्या अंगावर आहेत, त्याला तेवढीच दारू अधिक महाग पडते.

आपल्या राज्यात यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे पेल्यात काय आहे याची खात्री. १९४९ च्या कायद्यात आरोग्य परवान्याची सोय आहे, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी परवाना आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रातही सवलत आहे. डॉक्टरांचा दाखला, शुल्क आणि कागदपत्रे ज्याला जमतात, त्याच्या हाती कारखान्यातून आलेली बंद बाटली पडते. मजुराच्या हाती पडते ती पोटली, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या गावठी दारूची पिशवी. तिच्यात मिथेनॉल, म्हणजे कारखान्यांत वापरले जाणारे विषारी अल्कोहोल, असेल तर शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते, ते आधी दृष्टी घेते आणि मग प्राण. जुलै २००९ मध्ये अहमदाबादच्या लठ्ठाकांडात, म्हणजे विषारी दारूच्या दुर्घटनेत, शंभराहून अधिक माणसे गेली, जुलै २०२२ मध्ये बोटाद आणि लगतच्या गावांत चाळीसहून अधिक. २००९ नंतर विषारी दारूने मृत्यू झाल्यास फाशीपर्यंतची तरतूद झाली, २०१७ मध्ये दारू बनवणे व विकणे यांसाठी दहा वर्षांपर्यंतची कैद आली, आणि तरीही बोटाद घडले. मिथेनॉलच्या विषबाधेवर उपचार आहेत, वेळेत डायलिसिस झाले तर माणूस वाचू शकतो. पण दवाखान्यात जाणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, असे ज्याला वाटते, तो डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत घरीच पडून राहतो.

आता दुकानांविषयी. नियंत्रण सैल केल्यानेच विषमता घटते असा माझा दावा नाही. अनुभव उलटाही आहे. स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून दारूला किमान किंमत बांधून दिली आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार केवळ दारूमुळे होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी घटले, तेही मुख्यतः सर्वांत गरीब वस्त्यांत. इथे उघड विक्रीच नसल्याने तो उपाय जसाच्या तसा लागू पडणार नाही. मात्र कायदा कडक ठेवून त्याचा लाभ तळापर्यंत पोहोचवता येतो, एवढे त्यातून दिसते.

म्हणून मला हवे आहे ते असे: विषबाधा झालेल्यावर आणि त्याला दवाखान्यात आणणाऱ्यावर पिण्याचा गुन्हा दाखल होऊ नये, आणि ही हमी वस्तीवस्तीत गुजरातीत लिहून लावली जावी. बडोद्याजवळच्या नंदेसरीसारख्या रसायन कारखान्यांच्या पट्ट्यांतून जाणाऱ्या मिथेनॉलचा हिशेब कारखान्याच्या फाटकापासून अखेरच्या वापरापर्यंत तपासला जावा. व्यसनमुक्तीचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आणि संध्याकाळीही मिळावेत, कारण दिवसाची मजुरी बुडवून कोणी उपचाराला येणार नाही. यांपैकी एकाही मागणीने दारूचे एकही दुकान उघडत नाही.