गाडी यार्डातच आहे, सांधा तेवढा बिघडलाय

परवा शेजारच्या मुलीचा मेसेज आला. "काका, काळ्या स्क्रीनवर ग्रब रेस्क्यू येतंय. दुकानदार म्हणतात फॉरमॅट मारावं लागेल. मारू का?" ग्रब म्हणजे मशीन चालू होताना विंडोज किंवा उबुंटू उघडून देणारा छोटा प्रोग्रॅम, तो अडकला की ही स्क्रीन येते. नको गं बाई. हात लावू नको, मी येतो, असं कळवलं आणि तसाच निघालो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याचं असंच झालं होतं. तो धुळ्याला शिकत होता. कुणाचा तरी जुना लॅपटॉप, त्यावर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही. विंडोजमधून त्याने एक रिकामं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक भाग, काढून टाकलं. पुढच्या वेळी मशीन लावलं तर 'एरर: नो सच पार्टिशन', खाली ग्रब रेस्क्यू आणि लुकलुकणारा कर्सर. विंडोज नाही, उबुंटूही नाही. पोरगं घाबरून दुकानात गेलं. तिथे कोरं विंडोज टाकून मिळालं. संध्याकाळी फोन आला, "मामा, समदं उडी गयं."

त्या लॅपटॉपमध्ये माझ्या आईच्या अहिराणी ओव्या होत्या. अमळनेरच्या घरी तिला जात्यापुढे बसवून त्यानेच रेकॉर्ड केलेल्या. मागे जात्याची घरघर, मध्येच तिचं "थांब, ज्वारी टाकू दे". त्याच उन्हाळ्यात आई गेली. नंतर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बऱ्याच फाइली निघाल्या, पण वाजल्या दोनच, त्याही अर्धवट.

त्या दिवशी दुकानात जाईपर्यंत त्या डिस्कवरचा सगळा डेटा जागच्या जागी होता, याचं मला अजून वाईट वाटतं.

भुसावळहून रेल्वेची एक लाइन अकोला-नागपूरकडे जाते, दुसरी खंडवा-इटारसीकडे. गाडी या किंवा त्या लाइनीवर वळवणारा सांधा बिघडला म्हणून कुणी डबे भंगारात काढत नाही. ग्रबसारखा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, हा तो सांधा. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिला सेक्टर ५१२ बाइटचा, त्यातले जेमतेम ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी. तिथून ग्रब सुरू होतो आणि आपल्या बाकीच्या फाइली अमुक नंबरच्या पार्टिशनवर शोधतो. भाच्याने मधलं पार्टिशन काढलं, पुढच्यांचे नंबर सरकले आणि ग्रब जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावत बसला. बस, एवढाच बिघाड.

त्या काळ्या स्क्रीनवर 'एलएस' लिहिलं की पार्टिशनांची यादी येते. एकेक उघडून बूटचं फोल्डर कुठे आहे ते बघायचं, 'सेट प्रीफिक्स'ने तो पत्ता द्यायचा, मग 'इन्समॉड नॉर्मल' आणि 'नॉर्मल'. नेहमीचा मेनू समोर येतो. उबुंटूत शिरल्यावर ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवलं की काम पक्कं. ग्रब-इन्स्टॉलला पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं, पार्टिशनचं नाही, तिथे भले भले चुकतात. हे टाइप करायची भीती वाटत असेल तर लिनक्स मिंटच्या (हाही लिनक्सचाच प्रकार) लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून, मशीन चालू करा. त्याच्या मेनूत बूट रिपेअर असतं. आणि दुरुस्तीच्या आधी त्याच पेनड्राइव्हवरून आपल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. ही पायरी कुणीही गाळू नका.

शेजारच्या मुलीचं काम असंच झालं, चहा व्हायच्या आत. तिचे प्रोजेक्टचे फोटो उघडले तेव्हा तिच्या आईने देवाला हात जोडले.

नव्या, यूईएफआयच्या (जुन्या बायोसच्या जागी आलेली सुरू होण्याची पद्धत) मशीनवर बहुतेकदा एवढंही लागत नाही. अपडेटनंतर थेट विंडोजच उघडत असेल तर सेटअपमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे आधी काय उघडायचं त्या क्रमात, उबुंटू वर घ्या. उलट, ग्रबच्या मेनूतून विंडोज गायब असेल तर ते पुसलं गेलेलं नसतं. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो, तो चालू करून अपडेट-ग्रब चालवायचं. मात्र सेटअपमध्ये काही बदलण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू आहे का ते बघा आणि त्याची ४८ अंकी की कागदावर लिहून ठेवा.

दुकानदारांवर माझा राग नाही. दिवसाला दहा मशीन हातावेगळी करायची तर फॉरमॅट सोपा पडतो. पण 'डेटा गेला' असं सांगण्याआधी पेनड्राइव्ह लावून एकदा आत बघायला हवं. तेवढा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा, कुठलेही असा. ग्रब रेस्क्यू दिसलं तर मशीन बंद करा, स्क्रीनचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. रविवारी सकाळी मी घरीच असतो, पेनड्राइव्ह तयार आहे. पैसे नकोत.