सासूबाईंचा लेखी करार

आमच्या फ्लॅटला दोन दारं आहेत. एक बागेत उघडतं. दुसरं उघडलं की समोर साठेक मुलगे असतात.

यॉर्कशायरमधल्या एका खेड्याबाहेरची ही बोर्डिंग शाळा. मी इथे फिजिक्स शिकवते आणि मुलांच्या एका हाऊसमध्ये, म्हणजे वसतिगृहात, रेसिडेंट ट्युटर म्हणून राहते. घरभाडं नाही, वीजबिल नाही, टर्म चालू असताना तिन्ही वेळचं जेवण मेसमध्ये, हे जाहिरातीत वाचून नवरा म्हणाला होता, "अर्ज कर, आत्ताच्या आत्ता." त्या दुसऱ्या दाराचा उल्लेख जाहिरातीत नव्हता.

ड्यूटीवर असलेल्या शिक्षकाकडेच जायचं, असा नियम नोटीसबोर्डावर लावलेला आहे. मुलांना तो तोंडपाठ आहे. म्हणून तर दार वाजवून ती आधी म्हणतात, "सॉरी मिस, आज तुमची ड्यूटी नाही, माहितीये मला." आणि मग कामाचं. टाय सापडत नाही. प्रिंटरमध्ये कागद अडकलाय. उद्याच्या मॅचचे मोजे धुवायला गेलेत आणि दुसऱ्याच कुणाचे परत आलेत. हाँगकाँगच्या पोराला आईशी बोलायचंय, पण तिकडे आता पहाटेचे साडेतीन वाजलेत, तर लावू का फोन? रात्री पावणेअकराला एक पायजम्यातला मुलगा विजेच्या सर्किटचं गणित घेऊन उभा असतो. त्याला दिवसभरात शंका आली नव्हती. वर्गात मी "काही शंका?" असं विचारलं होतं, तेव्हा तो खिडकीबाहेर मेंढ्या बघत होता.

रात्री लहान वर्गांचे फोन गोळा करायचे असतात. हे काम मला मनापासून आवडतं. मुलं काय करतात, तर घरून एक जुना, मेलेला फोन आणून ठेवतात. टोपलीत तो टाकायचा आणि खरा उशीखाली. पण बाई फिजिक्सच्या आहेत. शेवटच्या मिनिटापर्यंत गेम खेळलेला फोन कोमट लागतो. जो थंडगार हाताला लागतो, त्याच्या मालकाला मी काही न बोलता खोलीकडे बोट दाखवते. तो मान खाली घालून जातो आणि गरम फोन घेऊन येतो.

नवरा आयटीत आहे, घरूनच काम करतो. आम्ही भारतीय म्हटल्यावर त्याला क्रिकेट येणारच, असं शाळेने परस्पर ठरवून टाकलं. साताऱ्याच्या गल्लीत टप्पा आऊट खेळलेला हा माणूस आता मे महिन्यातल्या शनिवारी, बोचऱ्या वाऱ्यात, कनिष्ठ संघाचा अंपायर म्हणून उभा राहतो. मुलं बोलिंग करताना स्वेटर काढून त्याच्या कमरेला बांधतात. त्या थंडीत तेवढीच ऊब म्हणून तो षटक लवकर संपू देत नाही, असा मला संशय आहे.

असं सगळं एकंदर अंगवळणी पडलं होतं, तेवढ्यात सासूबाईंचा व्हिसा आला. सहा महिन्यांचा.

मी ही गोड बातमी हाऊसमास्टरांना, म्हणजे हाऊसच्या प्रमुखांना, दिली. ते म्हणाले, "वा, छान!" आणि एक फाईल उघडली. इंग्लंडमधल्या बोर्डिंग शाळांसाठी सरकारने किमान मानकं ठरवून दिलेली आहेत, २०२२मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. त्यात आमच्यासारख्या घरांचा वेगळा विचार केला आहे. शाळेच्या नोकरीत नसलेला, पण मुलं राहतात त्याच आवारात राहणारा सोळा वर्षांवरचा कुणीही असो, त्याची चारित्र्यतपासणी झाली पाहिजे. इंग्लंडच्या यंत्रणेला साताऱ्यातलं चारित्र्य दिसत नाही, त्यामुळे तिकडच्या पोलिसांचा दाखला हवा. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या सासूबाई त्यासाठी पोलीस ठाण्यात जाऊन आल्या. फोनवर म्हणाल्या, "सुनेच्या घरी जायला पोलिसांचा दाखला मागतात, हे ऐकून हवालदारानं मला खुर्ची दिली. म्हणाला, बसा आई, नीट सांगा काय झालंय."

पण खरी गंमत पुढे होती. अशा प्रत्येक माणसाबरोबर शाळेने लेखी करार करायचा असतो. राहण्याच्या अटी काय, मुलांशी कसं वागायचं, आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची जबाबदारी कुणाची, आणि वागणूक योग्य वाटली नाही तर राहण्याची सोय काढून घेतली जाऊ शकते याची आगाऊ सूचना. सुनांनो, पुन्हा एकदा वाचा. सुनेच्या घरी राहायला सासूबाईंनी सही केलेला करार, त्यात वागणुकीचं कलम, आणि हे सगळं सरकारी नियमानुसार. मी त्याची एक प्रत पुण्याच्या मैत्रिणीला पाठवली, तिने ती तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकली. अजून मला अनोळखी नंबरांवरून मराठी मसुदा मागणारे मेसेज येतात.

सासूबाईंनी करार चष्मा लावून, ओळ न् ओळ वाचला. दुसऱ्या पानावरची स्पेलिंगची एक चूक पेन्सिलीने दुरुस्त केली आणि मग सही केली. त्यांना गळ्यात अडकवायला पट्टी आणि ओळखपत्र मिळालं. साडी, स्वेटर, त्यावर मंगळसूत्र, त्यावर पट्टी, अशा त्या पहिल्या दिवशी मेसमध्ये आल्या तेव्हा सहावीतल्यांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांनी त्यांना तपासणी अधिकारी समजून टेबलावरच्या कोपरांना आवर घातला. तो गैरसमज मी दूर केला नाही.

मेसबद्दल त्यांचं मत लगेच तयार झालं. शुक्रवारी मासे आणि चिप्स, बाकीचे दिवस नुसत्या चिप्स. संकष्टीला मात्र भाजलेला अख्खा बटाटा लोण्याबरोबर मिळाला आणि इंग्रजांना उपास कळतो, असं प्रमाणपत्र त्यांनी दिलं. मग त्यांनी फी विचारली. मी टाळत होते, नवऱ्याने सांगितली. वर्षाला चाळीस हजार पौंडांच्या वर, शिवाय जानेवारी २०२५पासून फीवर वीस टक्के व्हॅट. त्यांनी मनातल्या मनात रुपये केले आणि चमचा खाली ठेवला. त्यांचे वडील साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शाहू बोर्डिंगात शिकले होते. १९२४ सालचं ते बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची, स्वतः राबून शिकायची, आणि धान्य संपलं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्र मोडलं होतं. "त्या बोर्डिंगात भाकरी मुलं थापायची," सासूबाई म्हणाल्या. "इथं इतके पैसे भरून पोरं रात्री काय खातात? टोस्ट."

हे मात्र खरं आहे. हाऊसच्या पँट्रीत रात्री साडेआठनंतर जेवढा पाव भाजला जातो, तेवढ्यात मिसळीचं एक दुकान चालेल. चौदा वर्षांच्या मुलाला मेसमधून जेवून आल्यावर चाळीस मिनिटांत पुन्हा भूक लागते. हे पाहून उभा जन्म मुलांना खिचडी वाढलेल्या बाईचा हात शिवशिवणार नाही तर काय? सासूबाईंनी चकल्या केल्या. डबा घेऊन दुसऱ्या दाराकडे निघाल्या. मी दारात आडवी उभी राहिले.

ब्रिटनमध्ये अन्नातल्या चौदा गोष्टी कायद्याने जाहीर कराव्या लागतात, कारण त्यांची ॲलर्जी असू शकते. मेसमध्ये प्रत्येक पदार्थासमोर त्याची चिठ्ठी असते. त्या यादीत शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, गहू, दूध, काजू-बदाम आहेत. आणि मोहरी आहे. मोहरी! म्हणजे आमची मिसळणाची डबी उघडली तरी निम्मी चिठ्ठी भरते. बाजारच्या हिंगातसुद्धा बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. मी सासूबाईंना एकेक समजावून सांगत गेले, त्या प्रत्येक वेळी "बरं, हे काढून टाकू" म्हणत गेल्या, आणि शेवटी आमच्या दोघींच्या हातात मीठ आणि हळद उरली.

"मग तिळगूळ?"

"नाही."

"संक्रांतीला गोड बोला म्हणायचं तरी चालेल का?"

मी म्हटलं, करार बघून सांगते.

आता फोडणीबद्दल. आमच्या स्वयंपाकघरात बसवलेलं आगीची सूचना देणारं यंत्र उष्णता ओळखतं, धूर नाही, त्यामुळे तिथे ते निमूट असतं. पण बाहेरच्या बोळात आहे ते धुराचं, आणि ते अख्ख्या हाऊसच्या घंटेला जोडलेलं आहे. म्हणून फोडणी करताना बोळाकडचं दार घट्ट बंद, खिडकी सताड उघडी, बाहेर शून्य अंश, आत मिरची. डोळ्यांतून पाणी आणि नाकातून वाफ अशा स्थितीत मी आमटी करते. सासूबाई पहिल्यांदा हे बघून म्हणाल्या, "दार लावून फोडणी? चोरीचा माल शिजवतेयस का?"

एवढी काळजी घेऊनही, मध्यरात्री घंटा वाजली की साठ मुलं टेनिस कोर्टावर ड्रेसिंग गाऊनमध्ये रांगा लावतात आणि आधी आमच्या खिडकीकडे बघतात. दरवेळी. हाऊसमास्टरसुद्धा बघतात, फक्त सभ्यपणे. वास्तविक घंटा वाजते ती तीन कारणांनी: जळलेला टोस्ट, शॉवरची वाफ आणि डिओडरंट. मुलं आंघोळीला पर्याय म्हणून ते इतकं फवारतात, की यंत्राला तो धूरच वाटतो. पण करीवरचा संशय जुना आहे, तो पुराव्याने जात नाही.

सासूबाई आल्यानंतरच्या पहिल्याच घंटेला त्या सगळ्यांत शेवटी बाहेर आल्या. हातात पर्स, पर्समध्ये पासपोर्ट, दागिने, रक्तदाबाच्या गोळ्या आणि चकल्यांचा डबा. आग लागली तर काही न घेता निघायचं, असं हाऊसमास्टरांनी नम्रपणे सांगितलं. त्यांनीही नम्रपणे ऐकून घेतलं आणि पर्स काखेत अजून घट्ट धरली. हजेरी झाली. सगळी नावं वाचून झाल्यावर त्यांनी वर्गात करतात तसा हात वर केला. "माझं?" त्यांचं नाव यादीत नव्हतं. ते तिथल्या तिथे पेनाने शेवटी लिहिलं गेलं, तेव्हा कुठे त्या "हजर" म्हणाल्या.

एवढ्यात मेट्रन, घंटा कुठून वाजली ते दाखवणारं पॅनेल बघून आल्या. पहिला मजला, बाथरूम. मागच्या रांगेतला एक उंच मुलगा, ज्याच्या वाऱ्याला उभं राहिलं तरी शिंका येत होत्या, बुटांकडे बघू लागला. साठ मुंडकी आमच्या खिडकीवरून वळून त्याच्याकडे गेली. मला आयुष्यात फार थोड्या वेळा इतकं बरं वाटलं असेल. सासूबाईंनी प्रकार समजून घेतला, त्याच्यासमोर गेल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बाथ. डेली." करारातल्या मुलांशी वागण्याच्या कलमात हे बसतं का, याचा विचार मी सकाळवर ढकलला.

दर टर्मला निदान एकदा मुलं हाऊसमध्ये असतानाच्या वेळेत अग्निशमनाचा सराव घ्यावा लागतो, पण त्याची तारीख हाऊसमास्टर कुणालाच सांगत नाहीत. सासूबाई त्यांना रोज नाश्त्याला विचारतात. पर्स भरून ठेवायची असेल, असं त्यांना वाटतं. परवा हाऊसमास्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा मी खरं कारण सांगितलं. घंटा मुद्दाम वाजवायचीच असेल, तर त्या दिवशी बोळाकडचं दार उघडं टाकून सासूबाईंना मनासारखा ठेचा भाजून घ्यायचाय.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ठेच्यात काय काय असतं?

मी म्हटलं, हिरवी मिरची, लसूण, मीठ. शेंगदाणे वगळले तर चौदांपैकी एकही नाही.